मुलुंड ते मढ, व्हाया गाऱ्हाणं

लोक युरोपला जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. तिकडे म्हणे गाडीत डुलकी काढेपर्यंत देश बदलतो, भाषा बदलते. मी मुलुंडहून निघून घाटकोपर, अंधेरी करत मढला जाऊन आले. पासपोर्ट कुणी विचारला नाही. पण भाषा किती वेळा बदलली ते मला सांगता येणार नाही, मोठ्या भावाशी भांडण झालं, पाळलेला सोमवार मोडला, आणि बायकांनी करायचं नसतं म्हणून ज्यावरून मला दटावलं ते काम मी भरल्या मांडवात केलं. याला प्रवासवर्णन म्हणायचं नसेल तर नका म्हणू. मी म्हणणार.

झालं असं, की माझी भाची सायली हिचं लग्न ठरलं. सायली माझ्या धाकट्या भावाची, विलासची, एकुलती एक मुलगी. राहायला चारकोपला, नोकरी अंधेरीला, आणि नवरा मढचा कोळी, हर्षल. दोघं एकाच ऑफिसातले. आम्ही मालवणी. आमचे वडील गिरणीत होते, गिरणी गेली तशी आम्ही पांगलो. विलास चारकोपला गेला, मी लग्न होऊन मुलुंडला आले. विलास मागच्या वर्षी वारला. त्यामुळे आमंत्रणं करायला मी निघाले, कारण वहिनीचे गुडघे तिला जिना उतरू देत नाहीत.

निघायच्या आधी सायलीचा फोन आला. "आत्या, मला बाकी काही नको. बाबा घालायचा तसं गाऱ्हाणं हवं. मालवणीत. त्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही, सांगून ठेवते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात कुठलंही शुभकार्य सुरू करताना देवापुढे नारळ आणि विडा ठेवतात. मग घरातला मोठा पुरुष हात जोडून मोठ्यानं देवाशी बोलतो. काय ठरवलंय, कोण कुठे चाललंय, काय चुकलंमाकलं तर पोटात घाल, असं सगळं. प्रत्येक वाक्यानंतर मागे जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हेच गाऱ्हाणं. ते पोथीत नसतं, ज्याच्या त्याच्या तोंडात असतं, आणि मागून होकार आला नाही तर ते पुढे सरकत नाही. विलास घालायचा तेव्हा त्याच्या सोसायटीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहायची. आता विलास नाही, आणि पोरीला त्याचं गाऱ्हाणं हवं. कुणाच्या तोंडातून, एवढाच प्रश्न होता.

घाटकोपर

मुलुंडला आमच्या मजल्यावर सकाळी केम छो, दुपारी वणक्कम आणि संध्याकाळी वॉचमनचं भोजपुरी चालतं, त्यामुळे घाटकोपरला उतरल्यावर मला परकं वाटायचं कारण नव्हतं. भाईदादा घाटकोपर पूर्वेला राहतो. माझा चुलतभाऊ, आमच्यातला सगळ्यात मोठा पुरुष. विलासनंतर रीतीप्रमाणे गाऱ्हाण्याचा मान त्याचा. त्याच्याकडे मी पहिली गेले ती मान द्यायला, भांडायला नव्हे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर घरात उलटच पसरलं.

दार त्याच्या नातीनं उघडलं. "दादू, कोई आंटी आयी है," ती आत ओरडली. मी तिची आजी लागते, पण असो. खाखरा आला, छुंदा आला, चहात गवती चहा आणि फुदिना दोन्ही आले. भाईदादाच्या घरात मासे शिजत नाहीत, इमारतीत चालत नाहीत. मालवणी माणूस आणि घरात बांगड्याचा वास नाही, म्हणजे मला घर चुकल्यासारखंच वाटतं. भाईदादा मात्र छान रमलाय. शेजाऱ्यांशी गुजराती, नातीशी हिंदी, आणि माझ्याशी वर्तमानपत्रातलं मराठी.

मी विषय काढला. तो खूश झाला. "घालेन ना, अवश्य घालेन. फक्त शुद्ध मराठीत घालेन."

"म्हणजे कसं?"

त्यानं सोफ्यावरच हात जोडून करून दाखवलं. "हे देवा महाराजा, आज आपल्या कृपेने आम्ही सर्व कुटुंबीय चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सायली हिच्या विवाहानिमित्त येथे एकत्र जमलो आहोत."

मला हसू आवरेना. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी उभा राहावा तसं. मी म्हटलं, "भाईदादा, पुढे पाण्याच्या टाकीचा विषय घेणार काय?"

त्याला राग आला. "हस तू. मालवणीत बोललो तर समोरची शंभर माणसं हसतील. मुलाकडची येणार, तिच्या ऑफिसातली येणार. मालवणी ऐकलं की लोकांना नाटकातला नोकर आठवतो. तुला माहीत नाही शुभा. मी बँकेत लागलो तेव्हा तोंडातून 'कुठे'ऐवजी 'खय' निघालं की टेबलं बडवून हसायचे. मुद्दाम बोलायला लावायचे मला, डबा खाताना."

"म्हणून तू गप्प झालास?"

"गप्प नाही झालो. सुधारलो."

आता मला सांगा, यात सुधारण्यासारखं काय होतं? मी बत्तीस वर्षं एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसले. दिवसभर "नमस्कार, आपण कोणाशी बोलू इच्छिता", आणि घरी आले की "गो, माका च्या दी". ऑफिसची साडी ऑफिसात नेसायची, घरचं लुगडं घरात. म्हणून कोणी घरचं लुगडं जाळून टाकत नाही. बोली म्हणजे बिघडलेलं मराठी, असं ज्यांनी भाईदादाच्या डोक्यात भरवलं त्यांचा मला आजही संताप येतो. हसणारे नालायक होते, आणि जीभ छाटून घेतली यानं.

हे सगळं मी त्याला बोलले. जरा जास्तच जोरात बोलले. शेवटी म्हटलं, "तुला मालवणीत घालायचं नसेल तर मी घालीन."

तो खाखरा हातात धरून थांबला. "बायका गाऱ्हाणं घालत नाहीत."

"कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? कधी बघितलंस?"

नव्हतं बघितलं. हे खरं होतं, आणि त्याचाच राग येऊन मी पत्रिका टेबलावर ठेवून निघाले. छुंदा राहिला तो राहिलाच.

अंधेरी

घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरी. मेट्रोत मला बसायला जागा मिळाली आणि मी मनातल्या मनात गाऱ्हाणं म्हणून बघायला लागले. ते मनातल्या मनात राहिलं नसावं, कारण शेजारची मुलगी कानातला इयरफोन काढून माझ्याकडे बघायला लागली आणि मरोळला उठून दुसरीकडे जाऊन बसली. बसू दे.

सायली जेवणाच्या सुट्टीत खाली आली. बरोबर तिची एक मैत्रीण. एका काचेच्या भिंतींच्या कॅफेत आम्ही तिघी बसलो, जिथे सँडविच चांगलं मिळतं आणि चहा वाईट. सायली बोलते ती भाषा वेगळीच. "आत्या, बॉस जाम पकवतोय यार, लीव्हची पण वाट लावली, पण तू चिल मार." मला ही भाषा आवडते. पटकन बोलते, पटकन भांडते, कुणाची भीड ठेवत नाही. या भाषेलाही बिघडलेली म्हणणारे आहेतच. त्यांना म्हणावं, अंधेरीत रिक्षावाल्याला पुस्तकातल्या मराठीत थांबवून दाखवा.

मी भाईदादाचं सगळं सांगितलं. सायलीचा चेहरा उतरला. "मग कोण घालणार?"

"मी."

"सॉलिड. म्हण ना थोडं."

मी तिथेच दोन ओळी म्हटल्या. सायली टेबलावर कोपरं टेकून ऐकत राहिली. मैत्रीण म्हणाली, "ऑ, किती क्यूट लँग्वेज आहे."

"क्यूट मांजराचं पिल्लू असतं, बाळा," मी म्हटलं. "ही भाषा आहे. हिच्यात आमच्याकडे शिव्याही देतात, ऐकायच्या असतील तर सांग." मैत्रीण बिचारी सँडविचकडे बघायला लागली. चांगली पोर होती, उगाच सापडली माझ्या तावडीत.

ती गेल्यावर सायली जे म्हणाली ते मला अजून आठवतं. "आत्या, बाबा माझ्याशी मालवणीत बोलायचा, मी मराठीत उत्तर द्यायचे. जन्मभर असंच. मला सगळं कळतं, पण माझ्या तोंडून एक वाक्य कधी निघालं नाही. आता लग्न होऊन मी मढला जाणार, तिथे कोळी बोलणार सगळे. माझ्याशी मालवणीत कोण बोलणार? म्हणून म्हटलं, निघताना एकदा तरी कानावर पडू दे."

मी तिला म्हटलं, पडेल. कसं पडेल ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. भाईदादाला मी तोंडावर ऐकवलं होतं खरं, पण भरल्या मांडवात बाई उभी राहिली आणि मागे एकही माणूस "व्हय" म्हणाला नाही तर?

मढ

सायलीला ऑफिसात सोडून मी वर्सोव्याला आले आणि तिथून होडी. होडीत माणसं, मोटरसायकली, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणी. बसेपर्यंत पलीकडे पोचलेसुद्धा. पण त्या एवढ्याशा पाण्यात मुंबई मागे पडते. उतरले तर समोर काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, जाळी पसरलेली, आणि तो वास. मी खोल श्वास घेतला. घाटकोपरच्या फुदिन्यानंतर बरं वाटलं.

हर्षलच्या घराकडे जाताना एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग चाललं होतं. एक गोरीपान मुलगी कोळणीच्या वेशात कमरेवर हात ठेवून प्रत्येक वाक्याला "अगो बाय" म्हणत होती. फाटकाबाहेर दोन खऱ्या कोळणी उभ्या. एक दुसरीला म्हणाली, "ही कनची गो?" दुसरी म्हणाली, "कोन जाने. वरलीकडची वाटतेय." मी तिथेच हसत बसले. भाईदादाचं ते नाटकातल्या नोकराचं दुखणं एकट्या मालवण्यांचं नाही तर.

हर्षलची आई वनिताबाय अंगणातच होती. बाजारात उभी राहणारी बाई, आवाज असा की समोरच्यानं आपोआप खरं बोलावं. "आली गो माजी याहीन," म्हणजे विहीणबाई आल्या, असं म्हणत तिनं मला हाताला धरून आत नेलं आणि पाच मिनिटांत ताट पुढे. पापलेटचं कालवण, तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी. त्या दिवशी सोमवार होता. आमच्यात सोमवारी मासळी नाही म्हणजे नाही. मी तसं म्हटलं.

"आमी मंगलवार पालतो," वनिताबाय म्हणाली. "सोमवारचा देव आमचे घरान येत नाय. खा तू."

जन्मभर सोमवार पाळलेल्या सासूबाईंची मनात माफी मागितली आणि खाल्लं. आमचं कालवण नारळात शिजतं, यांचं मसाल्यात. चव सांगत बसत नाही, पण पुढच्या सोमवारीही मला त्याची आठवण आली.

जेवताना तिथे आणखी एक म्हातारी येऊन बसली. जनाबाय. ही धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात भटजी नंतर, धवलारीण आधी. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला ती धवला गाते, आणि ती गाईपर्यंत काही हलत नाही. मुलाच्या भावांनी तिला म्हणे विचारलं होतं, पाच मिनिटांत आटपशील का, मग डीजे लावू. जनाबायनं त्यांना उभं केलं आणि त्यांच्याच आईबापांच्या लग्नातला धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. तेव्हापासून डीजेचं नाव कुणी काढलेलं नाही.

"तुमचेकडं कोन बोलतं देवाशी?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं. भाईदादा, शुद्ध मराठी, बायकांनी घालायचं नसतं, सगळं.

जनाबायनं बोंबलाचा काटा बाजूला काढला. "आमचेकडं बायच बोलते. इतके वरसांत देव कवा रागावला नाय. तुमचा देव येगला हाय काय?"

"देव एकच असेल," मी म्हटलं. "भाऊ वेगळा आहे."

"भावाला बसू दे खुर्चीवर. तू उबी ऱ्हा. मी हाय तिथं."

शेवटची उजेडातली होडी गाठायची म्हणून मी घाईत निघाले. आणि त्या घाईत या बायकांना सांगायचं राहूनच गेलं, की मी बोलले की मागून तुम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं. होडीत बसल्यावर आठवलं. डोक्याला हात लावला.

चारकोप

हळदीच्या दिवशी सोसायटीच्या आवारात मांडव. मढहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन टेम्पोभर कोळणी उतरल्या, हिरव्या-जांभळ्या साड्या, डोक्यात ही भरगच्च फुलं. जनाबायनं उतरतानाच गायला सुरुवात केली होती. सोसायटीतल्या मधुबेननं गॅलरीतून विचारलं, "आ कई भाषा छे?" तिला कोणीतरी म्हणालं, मराठीच. मधुबेनचा विश्वास बसला नाही, ती खाली बघायला आली.

सायली पाटावर बसली. नारळ, विडा, समई. भाईदादा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत. माझ्याकडे न बघता तो उठायला लागला.

"काका, बसा," सायली म्हणाली. "आत्या घालणार आहे."

भाईदादा बसला. हात त्यानं मांडीवर ठेवले, ओठ मिटून घेतले. आमच्याकडची दहा-बारा पुरुषमाणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो बोलेल तर ती बोलणार. मला सगळं समजलं. तरी मी देवापुढे उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चारकोपाच्या जाग्यार, आमच्या विलासाच्या चेडवाच्या लग्नाचो नारळ तुझ्या फुड्यात ठेवलो हा रे म्हाराजा!"

मागे शांतता. पंखा फिरत होता तेवढा आवाज. आमचे पुरुष भाईदादाकडे, भाईदादा जमिनीकडे. कोळणींना माहीतच नव्हतं आणि सोसायटीवाले बघे. मी पुन्हा तीच ओळ म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात खालून, पाटावरून आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

सायली. नवरी. जिच्या तोंडून जन्मात मालवणीचं एक वाक्य निघालं नव्हतं ती. मान वर करून, इतक्या मोठ्यानं की खुर्चीत बसवून खाली आणलेली तिची आई दचकली.

जनाबायनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिला सांगायला लागलं नाही. पुढच्या ओळीला टेम्पोभर कोळणींचा होकार आला, आणि तो होकार समुद्रावर हाक मारायची सवय असलेल्या बायकांचा होता. मग मला कोण अडवणार.

"चेडू खाडीपलीकडे मढाक जाता हा. थयली भाषा बोलात, थयला रांधून खायत. तरी हिच्या तोंडातली आमची भाषा पुसूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चारकोपाच्या देवा, मढाच्या दर्या, वाटेतल्या सगळ्या देवांनू, कोनी कोनाच्या बोलण्याक हसात तर त्याका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात मधुबेनही होती.

विलास असं म्हणायचा नाही. हे माझं. मी घातलं, आणि मला त्याची लाज नाही. शेवटी चुकलंमाकलं पोटात घाल म्हटलं आणि नारळ उचलायला वाकले.

"थांब."

भाईदादा. मला वाटलं, आता हा बाई-पुरुष काढणार, आणि मी उत्तराला तयार होऊन वळले. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, नारळाकडे बघत होता.

"गावचो राखणदार रवलो," तो म्हणाला. "तेचा नाव घेतल्याशिवाय नारळ उचलूक नाय."

खरंच राहिला होता. चारकोप घेतलं, मढ घेतलं, आणि आमच्या गावच्या वेशीवरचा राखणदार मी साफ विसरले होते. आमच्यात याहून मोठी चूक नाही. पण माझं लक्ष चुकीकडे नव्हतं. कित्येक वर्षांत मी भाईदादाच्या तोंडून हे बोलणं ऐकलं नव्हतं.

"मगे ऊठ," मी म्हटलं. "तूच सांग त्याका."

तो उठला. शर्ट खाली ओढला, हात जोडले. खाकरून सुरुवात केली.

"बा राखणदारा म्हाराजा. विलासाचा चेडू आसा. सांभाळ तेका." मग जोडलेले हात कपाळाला लावले. "आनी माका येवक उशीर झालो, पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सायली म्हणाली, आणि तिच्यामागून सगळा मांडव म्हणाला.

भाईदादानं जोडलेले हात तसेच ठेवून हळूच मागे वळून माणसांकडे बघितलं. कोणी हसत नव्हतं.